अमेरिकेत राज्य बदललं की परीक्षाही बदलते

तुम्ही विचारलंय की मुलगी चौथीत, मुलगा आठवीत, आधी न्यू जर्सी आणि वर्षभराने कंपनी कॅलिफोर्नियाला हलवणार. तिकडे सगळ्या राज्यांची परीक्षा एकच असते, तेव्हा मुलांचं नुकसान नाही ना होणार? आम्ही हेच उलट केलं, कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीला आलो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परीक्षा एक नाही. व्हायची होती, हे खरं. 2010 मध्ये केंद्र सरकारने राज्यांच्या दोन गटांना सामायिक परीक्षा तयार करायला मिळून तीस कोटींहून जास्त डॉलर दिले. एक गट 'पार्क', दुसरा 'स्मार्टर बॅलन्स्ड'. 2015 मध्ये दोन्ही परीक्षा शाळांत सुरू झाल्या आणि लगेच बोंबाबोंब झाली. परीक्षा फार होतात म्हणून पालक चिडलेले, मुलांच्या मार्कांवर आपलं मूल्यमापन होणार म्हणून शिक्षक नाराज, आणि वॉशिंग्टनची लुडबुड नको म्हणून राज्यांतले पुढारी. 'पार्क' बघता बघता रिकामं झालं. न्यू जर्सी त्यातच होतं; 2019 पासून तिथे राज्याची स्वतःची एनजेएसएलए नावाची परीक्षा आहे. कॅलिफोर्निया अजून 'स्मार्टर बॅलन्स्ड'मध्ये आहे. टेक्सास दोन्हीकडे कधी गेलंच नाही.

त्यामुळे मार्क एकीकडून दुसरीकडे नेऊन उपयोग नाही. न्यू जर्सीत 2025 पर्यंत तरी 650 ते 850 अशी मोजपट्टी आणि पाच पातळ्या होत्या, कॅलिफोर्नियात दोन हजारांच्या पुढचे आकडे आणि चार पातळ्या. पण यावर या दोन राज्यांत कुणाला नापास करत नाहीत. तिसरी ते आठवी दरवर्षी भाषा आणि गणित तपासायचं हा केंद्राचा कायदा आहे. त्यात मुलापेक्षा शाळेचीच परीक्षा जास्त. स्कॉलरशिपसारखा क्लास लावू नका.

कॅलिफोर्नियातला पेपर संगणकावर असतो आणि उत्तरं बरोबर येत गेली की प्रश्न अवघड होत जातात. आमची लेक पहिल्या वर्षी तोंड पाडून घरी आली, "आई, शेवटी शेवटी मला काहीच येईना." निकाल चांगला लागला. गणितात मात्र नुसतं उत्तर पुरत नाही, काही प्रश्नांत ते कसं काढलं हे वाक्यांत लिहावं लागतं, आणि तिथे आपली मुलं अडतात. तेवढा सराव आत्ता घरी करून घ्या.

तुमच्या मुलांच्या वाट्याला आधी येईल ती वेगळीच परीक्षा. प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता हे विचारतात. मराठी लिहिलं की इंग्रजीची चाचणी होते, म्हणून बरेच देशी लोक 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. इंग्रजी माध्यमातलं मूल चाचणीत पास झालं तर विषय तिथेच संपतो; नाही झालं तर त्याला जादा शिकवणी मिळते, ती का सोडायची? गंमत अशी की निम्म्याहून जास्त राज्यांत चालते अशी 'विडा' नावाच्या गटाची इंग्रजीची परीक्षा आहे, न्यू जर्सीतही तीच, पण नेमकं कॅलिफोर्निया त्यात नाही. तिथली 'एल्पॅक' वेगळी.

घर शोधताना साइटवर शाळांना दहापैकी गुण दिसतील. ते बरेचसे याच परीक्षांवरून काढतात आणि तुलना राज्यातल्या राज्यात असते. न्यू जर्सीतला आठ आणि कॅलिफोर्नियातला आठ एक समजून भाडं भरू नका.

जास्त लक्ष मुलाकडे द्या. नववीत त्याला कुठल्या गणिताच्या वर्गात बसवायचं हे शाळा ठरवते आणि चुकीच्या वर्गातून वर सरकणं कटकटीचं असतं. तिथे पोचल्यावर त्याच्या नावावर राज्याचे मार्क नसणार. म्हणून निघताना सातवी-आठवीची गुणपत्रकं शाळेच्या शिक्क्यानिशी घ्या, बीजगणित-भूमितीच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकेची इंग्रजी प्रत ठेवा, आणि तिथल्या काउन्सिलरने (शाळेतला सल्लागार, वर्ग-विषय तोच लावून देतो) नुसता वयावरून वर्ग दिला तर गणिताची प्लेसमेंट टेस्ट घ्या म्हणून लेखी मागा.