आसियानला 'प्रादेशिकवाद' म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. राज्यशास्त्राच्या एका सराव परीक्षेत 'प्रादेशिकवाद आणि जागतिकीकरण यांतील संबंध स्पष्ट करा' असं विचारलं होतं. प्रश्न पाठवणाऱ्या विद्यार्थिनीने वेगळ्या विदर्भाची मागणी, तेलंगणाची निर्मिती, भूमिपुत्रांच्या नोकऱ्या यांवर दोन पानं लिहिली. जागतिकीकरणाच्या रेट्यात स्थानिक अस्मिता कशा टोकदार झाल्या, हेही मांडलं. गुण जेमतेम मिळाले आणि शेजारी शेरा आला: 'आसियान, युरोपीय संघ, सार्क अपेक्षित.' म्हणजे शेजारी देशांनी मिळून उभारलेल्या संघटना. पेपर आंतरराष्ट्रीय संबंधांचा होता, हे तिला मान्य आहे. तिचं म्हणणं एवढंच की मग हा शब्द योग्य आहे का, आणि नसेल तर 'क्षेत्रवाद' किंवा 'क्षेत्रीयता' लिहावं का?

माझं मत आधीच सांगतो: या चुकीत तिचा वाटा थोडा आणि शब्दाचा फार मोठा. मराठी वाचणाऱ्या दहा जणांना 'प्रादेशिकवाद' म्हणजे काय असं विचारा, दहाही जण तिच्यासारखंच उत्तर देतील.

सुरुवात 'वाद'पासून करू. समाजवाद, मानवतावाद, आशावाद या शब्दांत 'वाद' म्हणजे विचारसरणी किंवा दृष्टी. सीमावाद म्हटलं की तोच 'वाद' म्हणजे तंटा. बेळगावचा सीमावाद ही काही सीमेबद्दलची विचारसरणी नव्हे. त्यात भर म्हणून वृत्तपत्रात रोज भेटणारे 'वाद' पाहा: दहशतवाद, नक्षलवाद, जातीयवाद. नवा शब्द 'वाद' लावून आला की वाचणाऱ्याच्या मनात आधी नापसंती उमटते. 'प्रादेशिकवाद' तर आपल्याकडे जन्मापासूनच आरोपाच्या पिंजऱ्यात उभा आहे. भाषावार प्रांतरचनेच्या काळात भाषिक राज्य मागणाऱ्यांना 'प्रांतीयता', 'संकुचितपणा' असे शब्द ऐकावे लागले. त्या प्रांतीयतेचं पुढचं नाव म्हणजे प्रादेशिकवाद. याच शब्दाला साहित्यात मात्र मान आहे. 'प्रादेशिक कादंबरी' म्हटलं की माती, बोली, पाऊसपाणी डोळ्यांपुढे येतं आणि 'प्रादेशिकता' हा तिथे गुण ठरतो. म्हणजे राजकारणाने एक रूप अडवलंय आणि साहित्याने दुसरं.

इंग्रजीतही 'रीजनलिझम' या एकाच शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. स्पेनमधल्या कॅटलोनियाची स्वायत्ततेची मागणीही त्यात बसते आणि दहा-पंधरा देशांनी मिळून केलेला व्यापार करारही. त्यामुळे दुहेरीपणा मराठीनेच आणला असं नाही. पण आपल्याकडे देशांतर्गत अर्थ इतका जोरकस आहे की दुसऱ्याला जागाच उरत नाही.

खरी अडचण 'प्रदेश' या शब्दाच्या मापात आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयात आपण लायसन्स काढतो, आकाशवाणीवर प्रादेशिक बातम्या ऐकतो, निवडणुकीत प्रादेशिक पक्षाला मत देतो. या प्रत्येक ठिकाणी प्रदेश देशापेक्षा लहान आहे, देशाच्या पोटातला आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांत नेमकं उलटं होतं. तिथे प्रदेश देशापेक्षा मोठा आणि देश त्याचा घटक. ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी आसियानची स्थापना केली, तेव्हा त्यांनी 'आमचा प्रदेश' म्हटला तो आग्नेय आशिया. एक शब्द राष्ट्राच्या खालच्या पायरीवर उभा आहे, तोच शब्द राष्ट्राच्या वरच्या पायरीवरही. परीक्षेतली दोन पानं याच फरकात वाहून गेली.

'प्रादेशिक'वर आणखी एक ओझं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(४) देशांच्या 'प्रादेशिक अखंडते'चं रक्षण करतं. तिथे 'प्रादेशिक' म्हणजे भूभागासंबंधीचं, इंग्रजीतलं 'टेरिटोरियल'. त्याच सनदेचं आठवं प्रकरण 'प्रादेशिक व्यवस्थां'बद्दल आहे, तिथे 'रीजनल'. इंग्रजीत दोन शब्द, मराठीत एकच. आता हे वाक्य वाचा: 'प्रादेशिक अखंडतेच्या प्रश्नावर प्रादेशिक संघटनेने मौन पाळले.' पहिला 'प्रादेशिक' कुंपण घालणारा, दुसरा कुंपणापलीकडे हात देणारा, आणि दोघांचा चेहरा अगदी सारखा. मी स्वतः पहिल्या ठिकाणी 'भूभागाची अखंडता' लिहितो. जरा लांब होतं, पण वाचणारा अडखळत नाही.

मग 'क्षेत्रीय' का नको? हिंदीत तो रुळला आहे. सार्कचं हिंदी नाव 'दक्षिण एशियाई क्षेत्रीय सहयोग संगठन' आणि त्याचं आटोपशीर रूप 'दक्षेस'. मराठीने मात्र 'दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना' असं नाव घेतलं आणि बोलताना 'सार्क'च ठेवलं. आपल्याकडे 'क्षेत्र' आधीच फार ठिकाणी राबतं: खासगी क्षेत्र, सेवा क्षेत्र, तीर्थक्षेत्र, क्षेत्रफळ. पुणेकराला 'क्षेत्रीय' म्हटलं की महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय आठवतं. 'मुक्त व्यापार क्षेत्र' ही जोडी छान बसली आहे, ती तशीच राहू द्यावी. पण 'क्षेत्रवाद' लिहून एक घोळ सोडवताना आपण दुसरा ओढवून घेऊ.

आता 'करण'. या प्रश्नातलं मला सर्वांत आवडलेलं टोक इथेच आहे.

जागतिकीकरण, एकीकरण, स्पष्टीकरण या शब्दांतला मधला दीर्घ 'ई' संस्कृतच्या च्वि प्रत्ययाचा. अर्थ असा की जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं. व्याकरणात याला अभूततद्भाव म्हणतात. (म्हणूनच 'सुशोभिकरण' चूक, 'सुशोभीकरण' बरोबर.) या 'ई'पुढे दोन क्रियापदं येतात. 'कृ' आलं तर करण, म्हणजे कुणीतरी ते करतं. 'भू' आलं तर भवन, म्हणजे ते आपसूक होतं. रस्त्याचं रुंदीकरण महापालिका करते, डांबरीकरण कंत्राटदार करतो. पाण्याचं बाष्पीभवन कुणी करत नाही, ऊन पडलं की ते होतं.

या कसोटीवर 'जागतिकीकरण' लावून पाहा. शब्द स्वतःच सांगतो की हे कुणीतरी केलेलं आहे. मराठीत तो रुळला तो १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणांबरोबर, 'खाउजा' या त्रिकुटात: खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. तिन्हींच्या शेवटी करण, आणि तिन्हींमागे करणारा कोण हे उघड होतं. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली, तीही देशांनी सह्या करून. दुसरीकडे कंटेनरची जहाजं आली, फोन आणि इंटरनेट स्वस्त झाले, पैसा एका रात्रीत खंड ओलांडू लागला. हा भाग पुष्कळसा भवनासारखा आहे. मराठी शब्दाने या दोहोंपैकी करणाऱ्याकडे बोट दाखवलं. मला ते मोलाचं वाटतं, कारण ज्याला कर्ता आहे त्याला जाब विचारता येतो.

हीच फूटपट्टी प्रदेशांना लावली की आसियान आणि युरोप यांच्यातला फरक लख्ख दिसतो. युरोपात करण आधी झालं. १९५१ मध्ये सहा देशांनी कोळसा आणि पोलाद एका छत्राखाली आणण्याचा करार केला, कारण जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटू नये हा हेतू होता. मग १९५७ चा रोमचा करार, १९९२ चा मास्ट्रिक्टचा करार, १९९९ मध्ये युरो. पायरीपायरीने, सह्या करत. पूर्व आणि आग्नेय आशियात बरंचसं उलट घडलं. डॉलर स्वस्त व्हावा म्हणून बड्या देशांनी केलेल्या १९८५ च्या प्लाझा करारानंतर जपानी येन महागला, जपानी कंपन्यांना मायदेशी माल बनवणं परवडेना. त्यांनी कारखाने थायलंड, मलेशियाकडे हलवले. एका देशात सुटा भाग, दुसऱ्यात जुळणी, तिसऱ्या देशातून निर्यात. प्रदेश आधी कारखान्यांनी विणला, करार मागून आले. याला काटेकोरपणे 'प्रादेशिकीभवन' म्हणावं लागेल. तो शब्द रुळवा असा माझा आग्रह नाही, पण फरक मनात असावा.

आणि आपला सार्क? ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात स्थापना झाली, काठमांडूत सचिवालय आलं, २००६ पासून मुक्त व्यापाराचा करारही अमलात आला. तरीही दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. सार्कच्या सनदेनुसार निर्णय एकमतानेच घ्यायचे आणि द्विपक्षीय, वादग्रस्त विषय चर्चेला घ्यायचेच नाहीत. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर परिषद झालेली नाही. इथे घोषणा आहे, पण करणही नाही आणि भवनही नाही. मला याचं फार वाईट वाटतं. लाहोर आणि अमृतसर एकमेकांपासून पन्नासेक किलोमीटरवर आहेत.

तर जोडी कशी लावायची? अभ्यासकांच्या इंग्रजीत 'रीजनलिझम' म्हणजे सरकारांनी ठरवून आखलेला कार्यक्रम आणि 'रीजनलायझेशन' म्हणजे प्रत्यक्षात व्यापार, माणसं, पैसा प्रदेशात गुंफले जाणं. दुसऱ्यासाठी 'प्रादेशिकीकरण' चालेल, कारण 'जागतिकीकरण'शी त्याचं रूप जुळतं, आणि करण-भवनाचा भेद वाक्यातून सांगता येतो. पहिल्यासाठी 'प्रादेशिक सहकार्य' लिहा आणि बंध अधिक घट्ट असेल तर 'प्रादेशिक एकात्मीकरण'. आसियानला पहिला शब्द लागू पडतो, युरोपीय संघाला दुसरा. 'प्रादेशिकवाद' वापरायचाच तर 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण जोडल्याशिवाय वापरू नका.

प्रादेशिक सहकार्य आणि जागतिकीकरण यांचं नातं विरोधाचंच असतं असं धरून चालू नका. जागतिक व्यापाराच्या नियमांचं पहिलं तत्त्व 'सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र'. नाव फसवं आहे. त्याचा अर्थ कुणालाच खास वागणूक नाही, एकाला दिलेली सवलत सर्वांना. पण हे तत्त्व ज्यात आहे त्याच गॅट कराराचं (जकात आणि व्यापारविषयक सर्वसाधारण करार) २४वं कलम काही अटींवर गटागटाने मुक्त व्यापार करायला मुभा देतं. म्हणजे जागतिक घराच्या भिंतीतच प्रादेशिक दार ठेवलेलं आहे. हे प्रादेशिक करार जागतिक व्यापाराच्या इमारतीचे चिरे ठरतील की वाटेतले धोंडे, असा प्रश्न मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लावून धरला. करारांवर करार चढले की नियमांचा गुंता होतो, हे त्यांचं दुखणं होतं.

त्या गुंत्याचा एक धागा पाहा. २०१० पासून लागू झालेल्या भारत-आसियान वस्तू व्यापार करारात सवलत हवी तर सर्वसाधारणपणे मालाच्या निर्यात किमतीतला किमान ३५ टक्के वाटा करारातल्या देशांत घडलेला असावा लागतो. शंभर रुपयांच्या वस्तूत पस्तीस रुपये 'आपले' असल्याचं कागदावर दाखवावं लागतं. कुठली वस्तू 'प्रदेशातली' हे इथे नकाशा ठरवत नाही, टक्केवारी ठरवते. सदस्यत्वाचंही तसंच: म्यानमार आसियानमध्ये आहे, बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांच्या बिमस्टेक या गटातही आहे, सार्कमध्ये नाही. प्रदेश असा घडवला जातो, म्हणून मला 'प्रादेशिकीकरण' हा शब्द पटतो.

तुमच्या प्रश्नपत्रिकेतला प्रश्न मी असा लिहिला असता: 'देशोदेशींच्या प्रादेशिक सहकार्यामुळे जागतिकीकरणाला चालना मिळते की अडथळा येतो? आग्नेय आशिया, युरोप किंवा दक्षिण आशिया यांपैकी एका उदाहरणाच्या आधारे लिहा.' तुम्ही लिहिलेली दोन पानं मात्र फेकू नका. 'भारतीय राजकारण' या पेपरात 'प्रादेशिकवाद' हाच शब्द येईल आणि तिथे तुमचं उत्तर बरोबर असेल.