प्लाझ्मा अॅक्सिलरेटरचं सिम्युलेशन लॅपटॉपवर शिकता येईल का?

तुम्ही विचारलंय की एम.एस्सी. करताना लेसर-प्लाझ्मा अॅक्सिलरेटरचं सिम्युलेशन लॅपटॉपवर शिकता येईल का, आणि लोक त्यासाठी सुपरकॉम्प्युटर का वापरतात. शिकता येतं, मीही तसाच शिकलो. पण सुपरकॉम्प्युटर का लागतो हे आधी समजून घ्या, पुढच्या सगळ्या पद्धती त्यातूनच निघाल्या आहेत.

लेसरचा झटका प्लाझ्मातून, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूतून, जाताना ते इलेक्ट्रॉन बाजूला सारतो आणि नावेमागे उठावी तशी लाट मागे सोडतो. तिच्यावर स्वार झालेले इलेक्ट्रॉन वेग घेतात. बर्कलीच्या बेला लेसरवर २०१९ साली २० सेंटीमीटर प्लाझ्मात इलेक्ट्रॉनांना ७.८ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळाली. ताजिमा आणि डॉसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७९ साली ही कल्पना मांडली तीसुद्धा सिम्युलेशनसकट.

आता हिशोब. पद्धतीचं नाव पार्टिकल-इन-सेल, म्हणजे पिक. जाळीवर मॅक्सवेलची समीकरणं सोडवायची, त्या क्षेत्रांनी कण ढकलायचे, कणांचा प्रवाह जाळीवर परत मांडायचा, पुन्हा तेच. लेसरची तरंगलांबी ०.८ मायक्रॉन. तिच्यात जाळीची २५ घरं धरली तर एक घर ३२ नॅनोमीटरचं, आणि काळाचं एक पाऊल म्हणजे साधारण तेवढं अंतर जायला प्रकाशाला लागणारा वेळ. १० सेंटीमीटर जायला एकतीस लाख पावलं! जाळी लेसरबरोबर सरकती ठेवली आणि १०० मायक्रॉनचाच ठोकळा घेतला, आडवी घरं अर्ध्या मायक्रॉनची धरली, तरी साडेबारा कोटी घरं होतात. घरात दोनच कण ठेवले, म्हणजे घन सेंटीमीटरला १०^१८ घनतेच्या प्लाझ्मात प्रत्येक कण सुमारे चार हजार इलेक्ट्रॉनांचं गाठोडं, तरी पंचवीस कोटी कण एकतीस लाख वेळा ढकलायचे.

यावरची मला सगळ्यात सुंदर वाटणारी युक्ती भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ-लुक व्हे यांनी २००७ मध्ये दाखवली: लेसरच्या दिशेने जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या चौकटीतून पाहायचं. तिथे प्लाझ्मा आखडतो, लेसरची लांबी ताणली जाते, आणि पावलं कितीतरी पटींनी कमी होतात. क्वासी-स्टॅटिक पद्धत लेसर हळूहळूच बदलतो असं धरून, वेगळ्या वाटेने वेळ वाचवते, पण प्लाझ्मातलेच इलेक्ट्रॉन लाटेत अडकणं तिला नीट दाखवता येत नाही.

एक गोष्ट मात्र जपा. माझ्या सुरुवातीच्या एका रनमध्ये इलेक्ट्रॉनांच्या गुच्छाचा एमिटन्स, म्हणजे पसरटपणा, सारखा वाढत होता. मी त्यावर भौतिकशास्त्रातली कारणं शोधत बसलो. शेवटी घरांचा आकार निम्मा केला, तर वाढही निम्म्याहून खाली आली. निसर्गाला माझ्या जाळीचा आकार काय माहीत? पिकमध्ये नेहमी वापरतात त्या यी नावाच्या जाळीत प्रकाश खऱ्यापेक्षा किंचित हळू चालतो, त्यामुळे वेगवान इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकतात आणि खोटं चेरेन्कोव्ह प्रारण, म्हणजे प्रकाशाला मागे टाकणाऱ्या कणातून निघणारा प्रकाश, सोडतात. ती वाढ त्याचीच होती.

म्हणून सुरुवात एफबीपिकने करा. पायथनमधला हा मोफत पिक कोड लेसरच्या अक्षाभोवतीची गोल सममिती वापरतो, त्यामुळे काम बरंच हलकं होतं, आणि त्याची स्पेक्ट्रल पद्धत, म्हणजे क्षेत्रं लाटांच्या बेरजेत मांडून सोडवणं, हा दोष मुळातच टाळते. पहिलं रन काहीशे मायक्रॉनचंच ठेवा. चित्र छान आलं की लगेच घरांचा आकार निम्मा करून तेच रन पुन्हा चालवा, आणि दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून बघा.