तीन गॅस बॉयलरचा धूर एकाच चिमणीत सोडता येईल का?

आपल्या प्रश्नानुसार, सोलापुरातील अक्कलकोट रोड एमआयडीसीमध्ये आपले टॉवेल डाइंग आहे आणि तेथील तीन गॅस बॉयलरचा धूर कोळशाच्या काळातील जुन्या चिमणीत एकत्र सोडण्याचा आपला विचार आहे. तसे करता येते. मात्र जागा असेल तर प्रत्येक बॉयलरला स्वतंत्र चिमणी द्यावी, हाच माझा पहिला सल्ला आहे. कारण सामाईक चिमणीत चालू बॉयलरपेक्षा बंद बॉयलरची धास्ती अधिक असते.

एका कारखान्यात हे मी स्वतः अनुभवले आहे. एप्रिलमधील दुपार होती, तीनपैकी दोन बॉयलर चालू होते आणि अटेंडंटचे डोके दुखत होते, त्याला मळमळत होते. सोलापूरचे ऊन म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिले होते. गॅसगळती नसल्याची खात्री करून मी पॅनेलवरच्या तसबिरीपुढची अगरबत्ती उचलली आणि बंद बॉयलरच्या बर्नरच्या हवेच्या तोंडाशी धरली, तर तिचा धूर आत जाण्याऐवजी माझ्याच तोंडावर आला. चालू बॉयलरचा धूर बंद बॉयलरमधून उलटा खोलीत उतरत होता. गॅस गळला तर त्यात मुद्दाम घातलेल्या वासामुळे कळतो. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास असतो ना रंग. आम्ही दोन्ही बॉयलर तात्काळ बंद केले आणि माणसे बाहेर काढली.

चिमणीची ओढ, म्हणजे धूर वर खेचण्याची ताकद, आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातील फरकावर चालते. 15 मीटर उंचीच्या चिमणीत धूर 150 अंशांवर असेल, तर हिवाळ्यातील 15 अंशांच्या पहाटे सैद्धांतिक ओढ पाण्याच्या सुमारे 5.5 मिलिमीटर उंचीच्या दाबाइतकी मिळते, तर मे महिन्यातील 43 अंशांच्या दुपारी ती सुमारे 4 मिलिमीटरवर येते. त्यातून घर्षणाची वजाबाकी व्हायचीच असते. म्हणून तिन्ही बॉयलर पूर्ण क्षमतेने चालू असताना आणि एकच बॉयलर मंद आचेवर असताना, अशा दोन्ही टोकांचे हिशेब उन्हाळ्याचे तापमान धरून पुरवठादाराकडून लेखी घ्यावेत.

प्रत्येक बॉयलरच्या धूरनळीवर मोटरचा डॅम्पर, म्हणजे धुराची वाट उघडणारी-बंद करणारी झडप, हवा: बॉयलर बंद असताना तो घट्ट बसला पाहिजे आणि तो पूर्ण उघडल्याचा संकेत लिमिट स्विचकडून (झडप शेवटच्या टोकाला पोहोचल्याचे सांगणारा स्विच) मिळाल्याशिवाय बर्नर पेटता कामा नये. हाताने फिरवायच्या डॅम्परवर माझा भरवसा नाही, कारण रात्रपाळीत तो विसरला जातोच. आयडी फॅन (धूर ओढून चिमणीत सोडणारा पंखा) बसवणार असाल, तर त्याची ओढ तुटताच प्रेशर स्विचने तिन्ही बर्नर बंद झाले पाहिजेत. धूरनळ्या सामाईक डक्टला समोरासमोर न जोडता मागेपुढे, तिरप्या आणि प्रवाहाच्या दिशेने जोडाव्यात. दाबाने धूर ढकलणारा कंडेन्सिंग बॉयलर (धुरातील वाफेचीही उष्णता वापरणारा) आणि ओढीवर चालणारा जुना बॉयलर एका डक्टवर मुळीच आणू नयेत.

जुनी चिमणी गॅससाठी बहुधा फार रुंद ठरते. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळाला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपात निघते. रुंद चिमणीत धूर रेंगाळून साधारण 55 अंशांखाली गेला की ते पाणी आम्लधर्मी होऊन भिंतीवर उतरते आणि विटांचे सांधे व साधा पत्रा खाते. त्यामुळे आत हिशेबाच्या व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा लायनर (आतली नळी) आणि तळाशी निचरा हवा.

टॉवेलची रुई उडून येते म्हणून बॉयलर खोलीच्या खिडक्या ताडपत्रीने झाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडावी. एक घनमीटर वायू जळायला सुमारे 10 घनमीटर हवा लागते. जाळ्या मोठ्या ठेवून त्यांवरची रुई रोज झाडावी. चिमणीतील बदल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातही नोंदवून घ्यावा.

काम झाल्यावर चाचणी सकाळच्या गारव्यात उरकू देऊ नका. भर दुपारी, दारे-खिडक्या नेहमीच्या स्थितीत ठेवून, आळीपाळीने एकेक बॉयलर बंद करा आणि प्रत्येक वेळी त्या बंद बॉयलरपाशी कार्बन मोनॉक्साइडचे मीटर धरा.