गाडी उभी राहिली की बंद पडते म्हणून एफडी मोडायची का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. तारकर्लीला घरगुती होमस्टे, दाराशी 2009 ची वॅगन आर, कुडाळ स्टेशनवरनं पाहुणे आणायला आणि मालवणच्या बाजारातनं मासळी-भाजी आणायला तीच एक गाडी, आणि आता ती तुमच्याच शब्दांत "उभी केली की थरथरता आणि बंद पडता", एसी लावला की तर हमखास. गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलून बांधावं लागेल, 55 हजार. भाऊ म्हणतो जुन्यात पैसे घालू नको, साडेसात लाखाची नवीन घे, जुनीचे 50 हजार येतील, 2 लाखाची एफडी मोड आणि वरचं 5 लाख लोन काढ. दोनपैकी काय करू, असं विचारलंय तुम्ही.

मला विचाराल तर आत्ता दोन्ही नको. आधी दोन-अडीच हजार खर्च करून नेमकं बिघडलंय काय ते बघायचं, कारण तुम्हीच लिहिलंय की रस्त्यावर गाडी छान पळते, चार माणसं आणि बॅगा घेऊन चढ चढते, धूर नाही, ऑइल वरनं घालावं लागत नाही. इंजिन खरंच घासलं असतं तर ते पहिलं चढावर कळलं असतं, ताकद गेली असती, ऑइल कमी झालं असतं. फक्त उभी असताना त्रास आणि एसीला जास्त, म्हणजे संशय आधी हवेवर जातो. ॲक्सिलरेटरवरनं पाय काढलेला असतो तेव्हा थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन बाजूच्या बारीक वाटेनं येणाऱ्या हवेवर जगत असतं, तिथे वर्षानुवर्षाचा कार्बन साचतो. एसी लागला की इंजिनवर बोजा येतो, तेव्हा जास्त हवा सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो चिकटला की आरपीएम खाली जातो आणि गाडी गप्प.

हे मी एवढं लांबण लावून सांगतोय कारण आमच्या घरात हे घडलंय. बाबांची जुनी गाडी अशीच थरथरायची, तेव्हा एका गॅरेजमध्ये हेड उतरवलं, गॅस्केट बदललं, 18 हजार बिल झालं आणि आठवड्यात परत तेच. मग दुसऱ्या मिस्त्रींनी गाडी चालू ठेवून हवेच्या नळ्या एकेक करून बोटांनी दाबत दाबत बघितल्या, एक नळी दाबल्याबरोबर इंजिन एकदम शांत झालं. काढून हातात दिली, बोटभर लांबीची रबरी नळी, वाकवली की पोटाशी बारीक चीर उघडायची आणि बोटाला काळं लागायचं. एवढ्याशा तुकड्यासाठी 18 हजार गेले होते, बाबांची तेव्हाची महिन्याची पेन्शन त्याहून कमी होती. तेव्हापासून गाडी, पंप, फ्रिज काहीही असो, मी लोकांना आधी निदान म्हणतो मग पैसे.

तर मिस्त्रींना एवढं सांगा: थ्रॉटल बॉडी आणि तो आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीला हवा देणारा, छोटा व्हॉल्व्ह साफ करा, हवेच्या नळ्या बघा, चारही प्लग आणि एअर फिल्टर काढून दाखवा, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष दाखवणारा स्कॅनर लावा. आपल्याकडे खाऱ्या हवेनं अर्थिंगची टोकं हिरवी पडतात आणि पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात, तेही बघायला सांगा. इंजिनाला धरून ठेवणारं रबरी माउंटिंग दबलं असेल तरी केबिन थरथरते, पण त्यानं गाडी बंद पडत नाही. आणि शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती जोरानं दाबतो ते मोजणं, ती झाल्याशिवाय 55 हजाराच्या कामाला हो म्हणू नका. चार सिलिंडरचे चार आकडे मिळतील, ते एकमेकांच्या जवळपास हवेत, एखादा बराच खाली असला किंवा चारही कमी आले तरच इंजिन खोलण्याची गोष्ट.

आता पैशाचं. 5 लाख, 9 टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता 10,379 रुपये येतो आणि व्याज सव्वा लाखाच्या आसपास जातं. हप्ता दर महिन्याला, पण तुमची कमाई ऑक्टोबर ते मे. जूनला समुद्र खवळला, बोटी बंद झाल्या की पाहुणे नाहीत, त्या चार महिन्यांत साडेएक्केचाळीस हजार कुठून आणणार? एरवी ते एफडीतून आले असते, पण ती तर तुम्ही आधीच मोडलेली असणार. ही 2 लाखाची एफडी म्हणजे तुमचं पावसाळ्यातलं छप्पर आहे ताई, कौलं उडाली, घरात कोणी आजारी पडलं तर तीच. समजा इंजिन करावंच लागलं तरी एफडी मोडू नका, तिच्यावर बँकेकडून कर्ज घ्या, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज लागतं आणि हंगामात फेडून टाकता येतं.

एक गोष्ट मात्र गाडीविरुद्ध जाऊ शकते आणि ती इंजिन नाही, पत्रा. किनाऱ्यावरची गाडी खालनं सडते. रॅम्पवर घेऊन फ्लोअर, दरवाज्याखालची पट्टी, मागच्या सस्पेन्शनची जागा बघायला सांगा, स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत जात असेल तर त्या गाडीत प्लगच्या पलीकडे एक रुपया घालू नका, मग भावाचं बरोबर. पत्रा धड असेल तर गाडीचं नोंदणी नूतनीकरण तुम्ही 2024 मध्ये केलंच आहे, 2029 पर्यंत ती चालेल. त्यानंतर गाडी 20 वर्षांची होते आणि आत्ताच्या नियमाप्रमाणे नूतनीकरणाची फी 10,000 रुपये, म्हणजे नवीन गाडीचा विचार तेव्हाचा धरा. त्यासाठी हप्ता द्यायची तयारी होतीच ना, तेच 10 हजार हंगामाच्या आठ महिन्यांत बाजूला टाका, पावसाळ्यात काही नाही, तीन हंगामांत 2 लाख 40 हजार आणि वरचं व्याज. पण ठेवा बँकेत. पतसंस्थेत दर जास्त दिसतो, तरी बँकेच्या ठेवीला जो 5 लाखापर्यंतचा विमा असतो तो पतसंस्थेला नसतो.

होमस्टेचं बुकिंग आहे तोवर स्टेशनला रिक्षा पाठवा, भर रस्त्यात पाहुण्यांसकट बंद पडायला नको. कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि खालच्या पत्र्याचे दोन फोटो पाठवा, मग पुढचं ठरवू.