रोज ऑफिसला जायला रेसिंगची रोड सायकल बरी की एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याला आरामात चालवायची रोड सायकल)?

दोन्ही वापरल्यात, त्याच ११ किलोमीटरच्या रस्त्यावर. रोजच्यासाठी एन्ड्युरन्स घ्या.

रेसिंगवाली पॅडल मारताक्षणी झेपावते, सिग्नल सुटला की मजा येते, हे खरं. पण तिचं हँडल खाली आणि लांब. पाठीवर लॅपटॉपची बॅग असली की भार तळहातांवर येतो, मागची गाडी बघायला मान वळवताना खांदा कुरकुरतो. एन्ड्युरन्सचं हँडल जरा उंच, त्यामुळे माणूस ताठ बसतो. दोन चाकांमधलं अंतरही किंचित जास्त, म्हणून खड्डा चुकवताना ती बिचकत नाही.

खरा फरक मात्र टायरचा. पहिलीला २५ मिमी रुंदीचे टायर होते, हवा ९० पीएसआय. रस्त्यातली प्रत्येक भेग थेट मनगटात. दुसरीला ३२ मिमी, हवा ६० च्या आत. तोच रस्ता, पण खडखडाट निम्म्यावर. वेळ म्हणाल तर दीड-दोन मिनिटं जास्त, तेवढी तर एका लाल सिग्नललाही जातात.

फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची यावर फार डोकं शिणवू नका. मडगार्ड आणि कॅरिअरसाठी स्क्रूची भोकं आहेत का, ते वाकून बघा. रेसिंगच्या फ्रेमला बहुधा नसतात. मडगार्डशिवाय पावसात गेलात की शर्टावर पाठीच्या मधोमध चिखलाची उभी रेघ उमटते. तुम्हाला सोडून सगळ्यांना दिसते.

घरात रेसिंगची आधीच असेल तर तिला २८ मिमीचे टायर बसतात का ते आधी पाहा, विकायचं नंतर.