दिशा सांगणारे इंग्रजी शब्द : सुरुवात कोठून करावी

आपण दिशावाचक शब्दांची लांबलचक यादी पाठ करायला घेतली असेल, तर ती तूर्त बाजूला ठेवावी; आधी आपल्या ‘समोर’ या शब्दाकडे नीट पाहावे, कारण नवशिक्यांच्या बहुतेक चुका तेथेच होतात. औषधांचे दुकान बँकेसमोर, पण रस्त्यापलीकडे असेल, तर इंग्रजीत ‘ऑपोझिट’ म्हणावे. ‘इन फ्रंट ऑफ’ म्हटल्यास ऐकणारा ते बँकेच्या दारापुढेच, अलीकडच्या बाजूला शोधत राहील. रोजच्या वाटेवरची पाच ठिकाणे घेऊन हा फरक मोठ्याने बोलून घोटवावा. आठवडाभरात तो नक्की अंगवळणी पडेल.

त्यानंतर ‘इन’ आणि ‘टू’ पाहावे. मराठीत ‘दक्षिणेला’ म्हटले की भागते. पण कोल्हापूर महाराष्ट्राच्या हद्दीत म्हणून ‘इन द साउथ ऑफ’, तर गोवा हद्दीबाहेर म्हणून ‘टू द साउथ ऑफ’.

आग्नेयेसारखे स्वतंत्र शब्द इंग्रजीत नाहीत. तेथे उत्तर किंवा दक्षिण आधी येते : ‘साउथ-ईस्ट’, ‘ईस्ट-साउथ’ नव्हे.

‘वेस्टर्ली’ वारा पश्चिमेकडून येतो, ‘वेस्टवर्ड’ निघालेला प्रवासी मात्र पश्चिमेकडे जातो, एवढे लक्षात ठेवावे. ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ हे जहाजावरचे शब्द सध्या मुळीच नकोत.