शौर्यचक्र ‘शांतताकाळातलं’ पदक असेल तर ते वीरचक्रापेक्षा हलकं मानायचं का? साताऱ्याच्या कर्नल संतोष महाडिक यांना वीरचक्र का मिळालं नाही?

नियमातलं उत्तर आधी देऊन टाकतो. शत्रूच्या समोर केलेल्या पराक्रमाला परमवीर, महावीर आणि वीरचक्र. शत्रूसमोर नसताना केलेल्या पराक्रमाला अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र. मानाचा क्रम लावताना दोन्ही ओळी एकमेकींत गुंफतात: परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर, शौर्य. काश्मीरमधल्या दहशतवाद्याशी झालेली चकमक साधारणपणे दुसऱ्या ओळीत धरतात, म्हणून महाडिक साहेबांना शौर्यचक्र. कागदावर ते वीरचक्राच्या एक पायरी खाली आहे हे खरं.

पण तुमच्या प्रश्नातला ‘हलकं’ मला झोंबला. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला बराच काळ राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे दहशतवाद्यांशी लढणाऱ्या सैन्याच्या दलात, काश्मीरमधल्या कुपवाड्यात गेला. आणि हाच वाद मी घरात वर्षानुवर्षं घालतोय.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, जंगी पलटणीतले. म्हणजे 1 मराठा. 1971 च्या डिसेंबरात ते पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, जमालपूरला होते. 10 तारखेच्या रात्री पाकिस्तानची बलुच पलटण गाव सोडून दक्षिणेला निसटायला निघाली आणि रस्ता अडवून बसलेल्या मराठ्यांवर येऊन आदळली. रात्रभर गोळीबार चालला. तात्यांनी ते सगळं पाहिलंय, केलंय, त्यात काडीचाही खोटेपणा नाही. लहानपणी आम्ही सगळी चुलत भावंडं ती गोष्ट ऐकत झोपायचो आणि मी भरतीला उभा राहिलो तो त्या गोष्टीपायीच.

मी सुट्टीवर आलो की हेच तात्या चारचौघांत म्हणायचे, “आमची ती लढाई. तुमचं ते पहाऱ्याचं काम. घरं तपासायची, रस्ते राखायचे.” भरतीची तयारी करणारी पोरं समोर बसलेली असायची. मी मान खाली घालून ऐकायचो, कारण आमच्याकडं चुलत्याला उलटं बोलत नाहीत. निवृत्त झाल्यावर मात्र बोललो. जे त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

कुपवाड्यातल्या लोलाब खोऱ्याच्या वरच्या अंगाला एक वस्ती. अक्रोड झोडून झालेले, पहाटे हात बधिर होतील अशी थंडी. खबर पक्की होती, म्हणून अंधारातच घेरा घातला. उजाडल्यावर मशिदीच्या भोंग्यावरून लोकांना बाहेर यायला सांगितलं. लोक आले, एका बाजूला बसले. त्यात एक म्हातारी होती. ती आपली माणसं बोटांवर मोजत होती, परत परत मोजत होती, आणि मग एकदम ओरडायला लागली. नातू आत राहिला होता. आणि ज्या घरात तो राहिला, त्याच घराच्या माळ्यावरून आमच्यावर पहिला फायर आला.

माझ्या हातात एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन होती, समोर माळ्याची खिडकी होती, आणि कंपनी कमांडर साहेबांचा हुकूम होता की कोणी ट्रिगरला हात लावायचा नाही. जमालपूरला असा हुकूम कुणाला मिळाला नसेल. तिथं समोरून येणारा गणवेश दिसला की गोळी चालवायची. इथं माणूस बारा-पंधरा पावलांवर बसून आपल्यावर गोळ्या झाडतोय आणि आपण दगडी गडग्याला पाठ लावून बसायचं, कारण त्याच्या खालच्या खोलीत चार-पाच वर्षांचं पोर आहे.

आमच्या सेक्शनमध्ये खटाव तालुक्यातला एक गडी होता. साहेबांना विचारून तो मागच्या बाजूनं, गुरांच्या गोठ्यातून आत सरपटला. त्यानं नंतर मला सांगितलं ते असं. खोलीत धूर होता. छताला वाळत घातलेल्या लाल मिरच्यांच्या आणि भोपळ्याच्या फोडींच्या माळा लोंबत होत्या. कांगडी, म्हणजे तिकडची हातशेगडी, उलटून निखारे चटईवर पसरले होते. पोर तांदळाच्या कणगीमागं दडून बसलेलं, त्याच्या फेरनची, म्हणजे काश्मिरी झग्याची, कड धुमसत होती आणि ते रडतसुद्धा नव्हतं. यानं कड तळहातानं चोळून विझवली, पोराला छातीशी बुलेटप्रूफ जॅकेटला दाबून धरलं आणि आला त्याच वाटेनं बाहेर निघाला. गोठ्याच्या दारातून गडग्यापर्यंतची ती मोकळी जागा. वरून बर्स्ट आला. एक गोळी त्याच्या खुब्यात बसली. पडताना तो पाठीवर पडला, पोर वरच्या बाजूला राहील असा. आम्ही दोघांनी त्याला पट्ट्याला धरून आत ओढलं.

म्हातारी धावत आली. तिनं नातवाला घेतलं, आणि मग खाली बसून या पडलेल्या गड्याच्या कपाळावरचा घाम आपल्या ओढणीनं पुसायला लागली. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची येत नव्हती. डॉक्टर येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

त्याला सेना मेडल मिळालं, म्हणजे शौर्यचक्राच्याही खालचं पदक. लाल फीत, मधे पांढरी रेघ. तो आता गावी शेती बघतो, थंडी पडली की उठताना खुबा धरतो. कुणी हे पदक हलकं म्हणालं की माझं डोकं फिरतं, ते यासाठी.

आता युद्ध आणि शांतता. युद्ध पुकारलेलं असणं ही वीरचक्राच्या ओळीची अटच नाही. बाणासिंग यांना 1987 साली सियाचीनवर जिंकलेल्या चौकीसाठी परमवीरचक्र मिळालं. मेजर परमेश्वरन यांना त्याच वर्षीच्या श्रीलंकेतल्या लढाईसाठी. कारगिलचं युद्ध कुणी रीतसर पुकारलं नव्हतं. 2020 साली गलवानला बंदुका न चालवता हातघाई झाली आणि कर्नल संतोष बाबू यांना मरणोत्तर महावीरचक्र दिलं. म्हणजे पुढचा माणूस सरकारी लेखी ‘शत्रू’ आहे की नाही, एवढ्यावर ओळ ठरते. गोळी खाणाऱ्याच्या छातीचा त्यात हिशोब नाही.

महाडिक साहेबांबद्दल विचारलंत म्हणून थोडं. पोगरवाडी हे त्यांचं गाव. सातारच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. ही देशातली पहिली सैनिक शाळा, 1961 ची. पुढे 21 पॅरा स्पेशल फोर्सेस. ही पलटण मुळात 21 मराठा, 1996 मध्ये स्पेशल फोर्सेस झाली, त्यामुळं आमच्यासाठी ती घरचीच. ईशान्येतल्या ऑपरेशन ऱ्हायनोसाठी 2003 साली त्यांना सेना मेडल मिळालं होतं. नंतर कुपवाड्यात 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर. 17 नोव्हेंबर 2015 रोजी मनीगहच्या जंगलात शोधमोहिमेत ते स्वतः पुढे होते, तिथं गोळी लागली आणि ते वाचले नाहीत.

सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, पुढे होता याचा अर्थ ज्यानं पलटण पाहिली त्याला कळतो. सीओ मागं थांबून वायरलेसवर मोहीम चालवू शकतो आणि कुणी त्याला नावं ठेवत नाही. त्या जंगलात दहा पावलांपुढचं दिसत नाही, गोळी कुठून आली ते लागल्यावर कळतं. तिथं कर्नल हुद्द्याचा माणूस जवानांच्या पुढे चालतो, तेव्हा शांतताकाळ कुठला राहिला? त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढे चेन्नईच्या अकादमीतून प्रशिक्षण घेऊन सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या, दोन मुलांची आई असताना.

आणि दुसऱ्या ओळीला हलकं म्हणणाऱ्यांनी जावळी तालुक्यातल्या केडंब्याचं नाव घ्यावं. तुकाराम ओंबळे आधी सैन्यातच होते, सिग्नलमध्ये नाईक. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची रायफल नळीला धरली आणि सोडली नाही. अशोकचक्र मिळालं. मानाच्या क्रमात ते महावीरचक्राच्याही वर आहे. हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तो गडी वेगळा.” का वेगळा, ते मात्र आजवर सांगितलेलं नाही.

पैशांचं कुणीतरी विचारणारच. ऑगस्ट 2017 पासून वीरचक्राला महिन्याला 7,000, शौर्यचक्राला 6,000 आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला 2,000 रुपये भत्ता. राज्य सरकारचं अनुदान वेगळं, ते बदलत असतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. ज्याला पदकाचे किती मिळाले एवढंच विचारायचं असतं त्याच्याशी मी बोलत नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. शत्रूच्या तोफांखाली उघड्या मैदानात पुढे जाणं मी अनुभवलेलं नाही. रणगाडा अंगावर येताना पाहिलेला नाही. तो अनुभव तात्यांचा आणि त्यांच्या पिढीचा, म्हणून वीरचक्र एक पायरी वर आहे याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्या गावातल्या फलकाबद्दल. त्यावर 1962, 1965 आणि 1971 मध्ये गेलेल्यांची नावं आहेत. काश्मीरमध्ये गेलेल्या आमच्या पोराचं नाव नाही, कारण ठरवणाऱ्यांच्या मते तो लढाईत गेला नाही. त्याची आई दर 15 ऑगस्टला त्या फलकासमोर झेंडावंदनाला उभी असते. मी ग्रामसभेत ठराव मांडला तेव्हा तात्या पहिल्या रांगेत बसून होते आणि त्यांनी हात वर केला नाही.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी तो ठराव परत मांडणार आहे. तुमच्या गावात असा फलक असेल तर एकदा उभं राहून पूर्ण वाचा. असं एखादं नाव राहून गेलं असेल तर तोंडी सांगू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत घरच्यांकडून पलटणीच्या पत्राची प्रत घेऊन जोडा, म्हणजे तो लढाईत गेला की नाही हे ठरवायचं काम गावाकडं उरत नाही.